रोज एक फरशी

मेश्राम बाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा ज्येष्ठता यादीत त्यांचं नाव सगळ्यांत खाली गेलं. ती यादी मीच करते. आंतरजिल्हा बदलीचा नियमच तसा आहे. गडचिरोलीत सतरा वर्षं शिकवलेलं असो की सत्तावीस, ठाणे जिल्ह्यात हजर झालं की सेवाज्येष्ठता शून्यापासून. मी त्यांना तो नियम परिपत्रकासकट दाखवला. त्यांना वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. थोडी इच्छाही असावी. त्यांनी यादीवर सही केली आणि विचारलं, "तिसरी कोणाकडे आहे जी?"

"तिसरी रिकामी आहे. शेवटच्या शिक्षकाकडे जाते."

"मंग बरंच झालं. मले तिसरीच पाहिजे होती."

त्या आमच्याकडे दोन वर्षंही नव्हत्या. त्यातले तीन महिने त्यांनी एका मुलीला शाळेच्या दारातून आत आणण्यात घालवले. ती मुलगी आत आली आणि पुन्हा बाहेर गेली. बाहेर गेली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं लिहिताना हात आखडणार नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. शहाड स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, नदीच्या अंगाला. एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला दर महिन्याला एक मजला वाढणारे टॉवर. मी डोंबिवलीहून, कोपरहून येते. माझ्याकडे सहावी, शिवाय पत्रव्यवहार, पोषण आहाराचा साठा, सगळ्या किल्ल्या आणि शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. मुख्याध्यापक भोईर सर गावातलेच. पाहुणे आले की ते माझ्याकडे हात करून म्हणायचे, "या बाई हायत म्हणून शाला चालते." वीस वर्षांत दुसरं कुठलं बक्षीस मिळालेलं नाही, त्यामुळे हे वाक्य मी जपून ठेवलं होतं.

मेश्राम बाई उंच, काटक. आवाज खालचा. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून यायच्या आणि त्या दिवशी वर्गात खडू नेहमीपेक्षा कमी वापरायच्या, एवढा एकच फरक. चप्पल वर्गाबाहेर काढायच्या ती नेहमी तोंड बाहेरच्या बाजूला करून, निघताना सरळ पाय घालता यावेत अशी. बोलताना "मी येतो, मी सांगतो" म्हणायच्या. पहिला आठवडा मुलं तोंडावर हात ठेवून हसली. दुसऱ्या आठवड्यात हसणं थांबलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या सहावीतल्या प्राजक्ताने, जिची वही मी इतरांना नमुना म्हणून दाखवते, मला विचारलं, "बाई, काहून आज चाचणी?"

"काहून नाही. का."

"हो बाई. पण काहून?"

तो शब्द महिन्याभरात शाळाभर झाला. पोषण आहार शिजवणाऱ्या बायकाही म्हणू लागल्या. वीस वर्षांत माझा एकही शब्द त्या मुलांनी उचलला नव्हता. मी आठवून पाहिलं. मी सगळ्यांत जास्त वेळा म्हणते तो शब्द "रांगेत" हा आहे.

आमचं पहिलं भांडण हजेरीपत्रकावरून झालं. शाळा सुटली की प्रत्येक वर्गाचं पत्रक ऑफिसच्या कपाटात जमा होतं. सात वर्ग, सात पत्रकं, कपाटाला कुलूप. तिसऱ्याच दिवशी कपाटात सहा. मेश्राम बाई तिसरीचं पत्रक पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या होत्या.

"राहू द्या ना जी माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "सकाळी आणतोच."

"तसा नियम नाही."

"नियम बरोबर आहे तुमचा. पण कपाट जळते."

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्या थट्टा करत नव्हत्या. आम्ही दोघी तेव्हा साठ्याच्या खोलीत तांदळाच्या गोण्या मोजत होतो आणि मोजता मोजता त्यांनी सांगितलं. त्यांच्या तिकडच्या एका शाळेत पोलिसांच्या तुकडीचा आठवडाभर मुक्काम पडला होता. गावात दुसरी पक्की इमारतच नव्हती. तुकडी गेली. पंधरा दिवसांनी जंगलातले आले. पोलिसांना पुन्हा थांबायला जागा राहू नये म्हणून त्यांनी इमारत पाडली आणि आत होतं ते पेटवून दिलं. बाकं गेली, तांदूळ गेला, आणि जनरल रजिस्टर गेलं.

"बाकं आले मंग दुसरे," त्या म्हणाल्या. "पण रजिस्टर नाही तर दाखला नाही. पोरगं चौथी शिकलं हे सांगाले कागदच नाही."

मग त्या घरोघर फिरल्या. आयांना जन्मतारखा माहीत नव्हत्या. मोहाची फुलं पडत होती तेव्हाचा, नाल्यावरचा पूल वाहून गेला त्या सालची, अशा आठवणींवरून त्यांनी सबंध रजिस्टर पुन्हा लिहून काढलं. ते मान्य व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर निम्मी मुलं गुरांमागे गेली होती. शाळा मात्र चालू होती. कधी कुणाच्या अंगणात, कधी धान्याच्या कोठारात, कधी झाडाखाली. एकूण सात जागा बदलल्या.

माझा गोण्यांचा आकडा चुकला. पुन्हा मोजाव्या लागल्या. भोईर सरांना मी म्हटलं, हजेरीपत्रक घरी जातं याला माझी लेखी हरकत नोंदवून घ्या.

"नोंदवतो," सर म्हणाले. "कनच्या वहीत नोंदवू ते बी तुमीच सांगा."

त्या हजेरी दिवसातून दोनदा घ्यायच्या. सकाळी एकदा आणि खिचडी झाल्यावर एकदा. आम्ही सगळे क्रमांक पुकारतो. त्या नाव घ्यायच्या आणि तोंडाकडे बघायच्या. वेळ जातो, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, जातो. तिकडे एकदा दोन मोठी मुलं दुपारी जेवली आणि नंतर दिसलीच नाहीत. बापांना विचारलं तर बाप जमिनीकडे बघत राहिले. जंगलातल्यांनी दलासाठी नेली होती. वर्ष संपेपर्यंत बाईंनी रोज दुपारी त्या दोघांची नावं घेतली आणि रोज गैरहजेरी मांडली.

"साहेब म्हणे, काहून घेता? म्हटलं, नाव कमी कराचा अर्ज कोणी देल्ला नाही ना."

हे उत्तर नियमात शंभर टक्के बसतं. मला ते सुचायला हवं होतं, असं वाटून मी त्या दिवशी उगाच चिडचिड केली.

तपासणीला केंद्रप्रमुख आले तेव्हाचीही गोष्ट आहे. माझ्या मुलांचे वीसपर्यंतचे पाढे तयार होते. मी महिनाभर रोज दहा मिनिटं त्याला दिली होती. केंद्रप्रमुखांनी तिसरीत जाऊन सहज विचारलं, कितीपर्यंत येतात? एक मुलगा उठला आणि म्हणाला, एकोणतीस. ते हसले. वर्गाने एकोणतीसचा पाढा म्हटला, सगळ्यांनी मिळून, खालच्या आवाजात, एका लयीत, अजिबात न अडखळता. केंद्रप्रमुखांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या त्या त्याबद्दल. सहावीबद्दल लिहिलं, "वर्ग स्वच्छ."

त्यांचा हा पाढा मी आधीही ऐकला होता, पण भलत्या वेळी. पलीकडच्या खाणीत सुरुंग उडाला की, किंवा गावात हळदीच्या दुपारी फटाक्यांची माळ लागली की, तिसरीतून एकोणतीस एके एकोणतीस सुरू व्हायचं. मला ती वर्गाला लावलेली शिस्त वाटायची. नंतर कळलं. तिकडे गोळीबार सुरू झाला की मुलांना जमिनीवर पालथं झोपवायचं आणि हा पाढा म्हणायचा. बेचा पाढा तोंड आपोआप म्हणतं, कान बाहेरच राहतात. एकोणतीसला डोकं लावावं लागतं. इथल्या मुलांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. फटाके ऐकून भीती मुलांना वाटतच नव्हती. पाढा बाईंनाच लागायचा.

सरळ लिहिते, मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्यावर जे गुजरलं त्याचा हेवा कुणी करणार नाही, मीही नाही. पण मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्याभोवती उभी असायची आणि काही न विचारता उभी असायची. माझ्याकडे येणारं मूल काहीतरी मागायला येतं. किल्ली, खडू, सही.

सोमारी मला सापडली. मला, हे मुद्दाम लिहिते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी टॉवरच्या साइटवर सर्वेक्षणाला गेले होते. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांतून मी चौदा मुलं यादीत घेतली. तेरा मुलं पुढच्याच सोमवारी शाळेत आली. चौदावी सोमारी. वय बारा, छत्तीसगडच्या बाजूची, इंद्रावती नदीच्या पलीकडची. गावात दोन-चार महिने शाळेत गेलेली. नियमाप्रमाणे मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, म्हणजे ती सहावीत, माझ्याकडे.

ती आईबरोबर फाटकापर्यंत आली, पटांगणातल्या बदामाच्या झाडाखाली बसली आणि तिथेच राहिली. असे चार दिवस. मी नवी पुस्तकं दाखवली, गणवेश दाखवला. खिचडी वर्गातच मिळेल म्हटलं, तर तिने खिचडी सोडली. हात धरून उठवायला गेले तर उठवता येणार नाही अशी बसली. तिच्या बापाला, लच्छूला, बोलावून घेतलं. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "स्कूल में फोर्स रहता है, मैडम."

"यहाँ फोर्स नहीं है. कभी नहीं आएगा," मी म्हटलं.

सरकारी माणसासमोर मान हलवतात तशी त्याने हलवली.

पाचव्या दिवशी मेश्राम बाई पाणी प्यायला नळावर गेल्या. येताना झाडाशी थांबल्या आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. माडिया त्यांना आईच्या भाषेइतकी येते. सोमारीने मान वर केली. चार दिवसांत मला तिचा भांग आणि कपाळ एवढंच दिसलं होतं. तिच्या वरच्या ओठावर एक व्रण आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, तेही वरच्या मजल्यावरच्या माझ्या वर्गाच्या खिडकीतून.

तिच्या गावची हकीकत बाईंना तुकड्या तुकड्यांनी कळली. शाळेत फौज उतरली. लच्छूला त्यांनी पाणी भरायला लावलं. फौज गेल्यावर जंगलातल्यांनी पाणी का भरलंस म्हणून त्याला मारलं. पुढच्या वेळी त्याने पाणी भरलं नाही, तर फौजेने मारलं. मग एके दिवशी गोळीबार झाला, शाळेचं छप्पर उडालं, आणि ही माणसं तिथून उठली ती थेट कल्याणला. सोमारीच्या हिशेबात शाळा म्हणजे ज्या घराच्या जवळ जायचं नसतं ते घर.

दुसऱ्या दिवशी मेश्राम बाईंनी तिसरीची सतरंजी उचलली आणि वर्ग बदामाखाली भरवला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाहू ना जी."

"ती सहावीत बसायला हवी. वयानुरूप प्रवेश आहे."

"बसन. आधी बसू तर द्या."

मी भोईर सरांकडे गेले. ते म्हणाले, "बसते ना ती पोर? मंग बसू दे नं बाई. झाराखाली बसली म्हणून काय परिपत्रक फाटनार हाय?"

मग ते सुरू झालं. आठवडाभर बदामाखाली. मग सतरंजी चार पावलं इकडे. मग पायऱ्यांशी. मग व्हरांड्यात, अगदी कडेला. तिथून पुढे शहाबादी फरश्या आहेत, आणि बाई रोज एक फरशी आत सरकायच्या. मुलांना सांगून नव्हे. सकाळी सतरंजी टाकताना त्या कालच्यापेक्षा एक फरशी आत टाकायच्या, बस. साइटवर काही कोसळल्याचा आवाज आला तर दुसऱ्या दिवशी दोन फरश्या मागे. सोमारी सतरंजीच्या बाहेरच्या टोकाला बसायची, पाटी मांडीवर घेऊन. तिला अक्षरं भराभर येऊ लागली. आठ वर्षांच्या मुलांमध्ये ती बारा वर्षांची, पण कुणी हसलं नाही.

मी फरश्या मोजत होते. आमची इमारत काटकोनात आहे, माझ्या वर्गाच्या खिडकीतून समोरचा व्हरांडा दिसायचा. माझ्या वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहून ठेवत होते, कुणी सांगितलं नसताना. प्राजक्ताने एकदा विचारलं, "बाई, काहून आपण बाहेर नाय बसत?" मी तिला हात दुखेपर्यंत फळा पुसायला लावला.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सतरंजीचं आतलं टोक वर्गात आणि बाहेरचं टोक उंबऱ्यावर आलं. सोमारी उंबऱ्यावर बसली होती. खिचडीनंतर सगळे हात धुऊन आले तेव्हा तिने आपली पाटी उचलली, उंबरा ओलांडला आणि भिंतीला टेकून बसली. आत. छपराखाली. बाई फळ्यावर लिहीत होत्या, त्यांनी मुद्दाम वळून पाहिलं नाही. भोईर सर व्हरांड्यातून जाताना थांबले. त्यांच्याबरोबर ग्रामस्थांपैकी दोघे होते. सरांनी मेश्राम बाईंकडे हात केला आणि म्हणाले, "या बाई हायत म्हणून शाला चालते."

मी चार पावलांवर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निवडणुकीचं पत्र आलं. आमची शाळा मतदान केंद्र असते, ते नेहमीचंच. या वेळी बंदोबस्ताची सशस्त्र तुकडीही शाळेतच मुक्कामाला येणार होती. सोमवारी सकाळी, व्हरांडा आणि पाच खोल्या. उरलेल्या दोन खोल्यांत दोन दिवस वर्ग एकत्र भरवायचे. मी लगेच कामांची यादी केली. टाक्या भरणं, बाकं वर नेणं, संडासाच्या किल्ल्या, दिव्यांची दुरुस्ती, शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप. अकरा कामं. मेश्राम बाईंकडे साधा फोन होता, त्यांना ग्रुपवरचं दिसायचं नाही. त्यामुळे ग्रुपवर निरोप टाकला की त्यांना वेगळा फोन करायचा, ही ठरलेली पद्धत होती आणि ते काम माझं होतं. यादीत ते अकरावं होतं.

रविवार संध्याकाळपर्यंत दहा कामांवर बरोबरची खूण झाली. अकराव्यावर केली नाही. विसरले नव्हते. फोन हातात होता. बाईंना कळलं असतं तर त्या तासाभरात साइटवर जाऊन लच्छूशी बोलल्या असत्या, गावच्या समाजमंदिरात वर्ग भरवला असता. त्यांना मार्ग सापडला असता हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, बघू या, उद्या त्यांना ऐनवेळी काय सुचतं ते. एवढंच वाटलं. यापेक्षा वाईट काही मनात नव्हतं, पण हे पुरेसं वाईट होतं.

सोमवारी मी पोचले तेव्हा ट्रक पटांगणात लागलेला होता. जवान म्हणजे विशीतली मुलंच. एकाने व्हरांड्यात दोरी बांधून बनियन वाळत घातले होते. बंदुका भिंतीशी ओळीने उभ्या केलेल्या, वर पहिलीच्या मुलांनी चिकटवलेली कागदी सूर्यफुलं. त्यांनी कुणाला काही त्रास दिला नाही. आमची मुलं त्यांच्याभोवती नाचत होती, एकाने त्यांना बिस्किटं वाटली.

सोमारी फाटकात आली. तिने ट्रक बघितला, भिंत बघितली. पळाली नाही. वळली आणि आली त्याच वाटेने चालू लागली, बाजारातून परतावं तशी.

मेश्राम बाई पाच मिनिटांनी आल्या. फाटकात थांबल्या, मग सरळ माझ्याकडे आल्या.

"पत्र कधी आलं होतं जी?"

"शनिवारी."

"मले फोन नाही आला."

"राहिला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंडाकडे, हजेरी घेताना बघायच्या तसं. मग वळल्या आणि साइटकडे गेल्या. दुपारी परत आल्या. पत्र्याची खोली रिकामी होती. सोमारीने घरी जाऊन सांगितलं, शाळेत फौज आली. लच्छूने भांडी गोणीत भरली. मुकादम म्हणाला, हिशेबालाही थांबला नाही, घोडबंदर साइडला काम मिळतं का बघतो म्हणाला.

त्या दुपारी बाईंनी हजेरी घेतली. सोमारीचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

शुक्रवारी मी त्यांना म्हटलं, "घोडबंदरला साइट किती आहेत माहितीये? मोजता येणार नाहीत."

"मंग काय कराव?"

"यादी करावी लागेल."

ते मला येतं. जाहिरातींचे फलक, ओळखीच्या इमारत ठेकेदाराकडची माहिती, कासारवडवलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेची मदत, असं करून मी यादी केली, रस्त्याच्या क्रमाने. दर रविवारी आम्ही दोघी ठाण्याहून बसने जायचो आणि एकेक साइट संपवायचो. सुरक्षारक्षक अडवायचे तेव्हा मी सर्वेक्षणाचं पत्र पुढे करायचे. आत गेल्यावर माझा उपयोग संपायचा. बाई मजुरांच्या खोल्यांसमोर उभ्या राहून माडियात हाक द्यायच्या. कधी कुणीच बाहेर यायचं नाही. कधी एखादी म्हातारी यायची, बाईंचा हात धरायची आणि सोडायची नाही. उन्हात मी यादी धरून बाजूला उभी असायचे, आणि तिथेही, त्या सिमेंटच्या धुळीतही, मला हेवा वाटायचा. तो काही जात नव्हता.

चौथ्या रविवारी एका टपरीवर चहा पिताना मी म्हटलं, "मेश्राम बाई, त्या दिवशी फोन राहिला नव्हता. मी केला नाही."

"मले माहीत आहे जी."

"कधीपासून?"

"तुमचं कोणतं काम राहते काय कधी?" त्यांनी कपातला उरलेला चहा रस्त्यावर ओतला. "पुढची साइट कोणती आहे यादीत?"

मी सांगितली. याउपर त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. मला वाटत होतं, बोलाव्यात. चार कडक शब्द बोलल्या असत्या तर मी कुठेतरी बरोबरीत आले असते.

सहाव्या रविवारी सोमारी सापडली. गायमुखच्या अलीकडे, अर्धवट टॉवरच्या पायथ्याशी, पाण्याच्या पिंपाजवळ धाकट्या भावाचे केस धूत होती. बाईंना बघून उठली नाही, पण हातातला तांब्या तसाच राहिला. लच्छू बाहेर आला. बराच वेळ बोलणं झालं. मला एक शब्द कळत नव्हता. परत येताना विचारलं.

"तो म्हणे, इथल्या शाळेत फौज येईल का? म्हटलं, येईल. निवडणूक आली का येईल, सणावाराले येईल. पण येण्याच्या आधी मी येऊन सांगन."

मी त्याला सांगितलं होतं, कधीच येणार नाही. बाईंनी सांगितलं, येईल. त्याने विश्वास ठेवला तो त्यांच्यावर.

पण आधी येऊन सांगायचं तर तिथेच असायला हवं. त्या भागातल्या साइटवरच्या मुलांना नेहमीच्या शाळेसाठी तयार करणारा एक विशेष वर्ग मंजूर होता आणि शिक्षक मिळत नव्हता. इमारत नाही, बढती नाही, कुणी तयार होत नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने महापालिकेच्या हद्दीत प्रतिनियुक्तीवर जायचं म्हणजे तीन कार्यालयं आणि असंख्य सह्या. बाई अर्जाचा मसुदा माझ्याकडे घेऊन आल्या.

"तुमच्या हाताचा पाहिजे जी. माझा कागद परत येते."

मी तो अर्ज तीनदा लिहिला. प्रत्येक कार्यालयात स्वतः गेले. त्या जायला हव्या होत्या म्हणून इतकं केलं की आणखी कशासाठी, हे मी त्या वेळी तपासलं नाही. आदेश एकवीस दिवसांत निघाला. भोईर सर आदेश वाचून म्हणाले, "बाई, तुमी मनावर घेतलं तं मानूस शालेतून घालवाला बी येल लागत नाय." ते हसत म्हणाले. मी हसले नाही.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांनी. नणंदेकडे निघाले होते आणि बस नेहमीप्रमाणे घोडबंदर रोडवर अडकली होती. खिडकीतून सर्व्हिस रोडपलीकडे महापालिकेच्या एका शाळेचं फाटक दिसत होतं, दुमजली इमारत, नवा रंग. साइटकडच्या गल्लीतून मुलांची ओळ आली. पुढे सोमारी, गणवेशात, एका लहान मुलीचा हात धरून. तिच्यामागे सात-आठ जण. सगळ्यांत मागे मेश्राम बाई. एक मिक्सरचा ट्रक येत होता, त्याला त्यांनी हात वर करून थांबवलं. मुलं रस्ता ओलांडून गेली. बाई ओलांडून गेल्या नाहीत. त्या अलीकडेच थांबल्या.

फाटकाशी सोमारीची चाल जराही मंदावली नाही. तिने लहानीला पुढे घातलं, स्वतः आत शिरली आणि पटांगणातून सरळ इमारतीकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही. बाकीची मुलंही गेली. रस्त्याच्या अलीकडे बाई एकट्या उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघणारं कुणीही नव्हतं, आणि त्या हसत होत्या. दोन वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

माझा हात खिडकीच्या गजापर्यंत गेला होता. हाक मारली असती तर त्यांनी ऐकली असती, अंतर फार नव्हतं. पण त्यांनी मान वळवली असती, आणि त्या वेळी त्यांनी फाटकाकडेच बघावं असं मला वाटलं. मी हात खाली घेतला. बस सुटायला अजून बराच वेळ लागला.